शाळेच्या दारातून परत फिरलेली मुले

न्यूयॉर्क शहराच्या पूर्व भागातील एका जुनाट चाळीत, मागच्या बाजूच्या खोलीत, एक स्त्री धुण्याच्या टबाशी उभी होती. तिच्या डाव्या हातावर किरकिरणारे तान्हे मूल होते आणि उजव्या हाताने ती खाटकांचे एप्रन घासत होती. या धुण्यावरच तिचा संसार चालला होता. तिचा बारा वर्षांचा मुलगा लुई मान खाली घालून जवळ उभा होता. त्याच्या डोक्यात उवा आणि फोड झाले होते. दवाखान्यात तो कितीतरी वेळा जाऊन आला होता, मलमाच्या डब्याही घेऊन आला होता. पण ते मलम कसे आणि किती दिवस लावावयाचे हे घरात कोणालाच समजले नव्हते. तो शाळेत गेला की शिक्षिका त्याला दारातूनच घरी पाठवीत असे. रस्त्यावरील दिव्याच्या खांबावर लिहिलेले गल्लीचे नावही आपल्याला वाचता येत नाही, याची त्या मुलाला लाज वाटत होती.

ही हकीकत इसवी सन १८९३ च्या सुमाराची आहे. ज्या परिचारिकेने ती पाहिली व पुढे १९१५ साली आपल्या ग्रंथात नोंदवून ठेवली, तिचे नाव लिलियन वॉल्ड. वॉल्डबाईंनी केले ते एवढेच की दवाखान्याचेच मलम त्यांनी नीट, नेमाने लावले. डोके बरे झाले आणि सप्टेंबरात तो मुलगा आयुष्यात प्रथमच शाळेत बसला. दुसऱ्या दिवशी मधल्या सुटीत तो पाच मजले धापा टाकीत चढून आला. कशासाठी? त्या सकाळी शिकलेले चार शब्द त्याला अक्षर अक्षर जुळवून म्हणून दाखवावयाचे होते.

परदेशातून आलेल्या कुटुंबांतील शाळकरी मुलांच्या आरोग्याचा इतिहास या प्रसंगात बीजरूपाने साठविलेला आहे. औषध होते, शाळाही होती. मात्र औषध आणि मूल, शाळा आणि घर यांच्यामधला जिना चढून जाणारे माणूस तेवढे नव्हते.

त्या काळी न्यूयॉर्कच्या बंदरात युरोपातून माणसांची अखंड रीघ लागली होती. १ जानेवारी १८९२ रोजी एलिस बेटावरील तपासणी ठाणे उघडले. ते १९५४ साली बंद होईपर्यंत सुमारे सव्वा कोटी माणसे त्या दारातून आत गेली. एकट्या १९०७ साली त्यांची संख्या दहा लाखांवर होती. रशियाच्या साम्राज्यातून छळाला कंटाळून निघालेले ज्यू, दक्षिण इटलीतील भूमिहीन शेतकरी, पोलंड व हंगेरीतील मजूर असे नाना देशांचे लोक त्यांत होते. त्यांपैकी पुष्कळांनी मॅनहॅटनच्या पूर्व टोकाला, 'लोअर ईस्ट साइड' या भागात बिऱ्हाडे थाटली. तेथील एका प्रभागात दर एकरी सातशे माणसांची दाटी झाली होती. खोल्या अंधाऱ्या, नळ आणि शौचकूप सामाईक, आणि त्याच खोलीत दिवसभर कपडे शिवण्याचे काम. १९०१ च्या कायद्याने नव्या चाळींत प्रत्येक खोलीला खिडकी असणे सक्तीचे केले. यावरून जुन्या चाळींची अवस्था काय असेल, याची कल्पना येईल. १९०८-०९ च्या सुमारास अमेरिकन सरकारच्या आयोगाने शाळांची पाहणी केली, तेव्हा न्यूयॉर्कमधील दर शंभर विद्यार्थ्यांपैकी सुमारे बहात्तर विद्यार्थ्यांचे वडील परदेशात जन्मलेले आढळले.

या मुलांची डॉक्टरांशी पहिली ओळख एलिस बेटावर होई, आणि ती सुखाची नसे. जिना चढणाऱ्या माणसाला धाप लागते काय, पाय लंगडतो काय, हे डॉक्टर दुरूनच न्याहाळीत आणि शंका आल्यास कोटावर खडूने एक अक्षर काढीत. सर्वांत धास्ती असे ती डोळ्यांच्या तपासणीची. बुटाची बटणे अडकविण्याचा लोखंडी आकडा घेऊन पापणी उलटी केली जाई आणि आत खुपऱ्या दिसल्या तर त्या माणसाला अमेरिकेचे दार बंद होई. त्या काळी खुपऱ्यांवर खात्रीचा उपाय नव्हता आणि त्यांनी दृष्टीही जात असे. तेव्हा ही दक्षता अगदीच अनाठायी होती असे नाही. तथापि गोवर आलेले मूल आईच्या कुशीतून काढून बेटावरील इस्पितळात नेले जात असे, आणि एका मुलाच्या डोळ्यांपायी सबंध कुटुंबाचा बेत कोसळत असे. डॉक्टर म्हणजे ताटातूट, हा धडा पुष्कळ आयांनी अमेरिकेच्या उंबरठ्यावरच घेतला.

पुढे शाळेतही डॉक्टर आले. घटसर्पाच्या साथीनंतर बोस्टन शहराने १८९४ साली शाळांतील मुलांची वैद्यकीय तपासणी सुरू केली. १८९७ साली न्यूयॉर्कने त्याच हेतूने दीडशे डॉक्टर नेमले. १९०२ साली आरोग्य खात्याने तपासणी अधिक कडक केली. खुपऱ्या, खरूज, गजकर्ण, उवा, आलेले डोळे, जे काही दिसेल त्यावर एकच उपाय होता: मुलाला घरी पाठवावयाचे. वर्गातील उरलेल्या मुलांचे रक्षण करावे हा हेतू योग्यच होता. परंतु परिणाम विपरीत झाला. डॉक्टरांनी दिलेली चिठ्ठी इंग्रजीत असे आणि घरी ती वाचणारे कोणी नसे. आई शिवणकामातून उठू शकत नसे, बाप पहाटे बाहेर पडलेला असे. मूल दिवसभर रस्त्यावर हिंडे, आणि चारच्या सुमारास शाळा सुटली म्हणजे ज्या सवंगड्यांपासून त्याला दूर ठेवले होते त्यांच्याबरोबरच खेळू लागे. रोग बरा होत नव्हता, त्याचा फैलावही थांबत नव्हता. बुडत होते ते फक्त शिक्षण. सक्तीच्या शिक्षणाचा कायदा न्यूयॉर्क राज्याने १८७४ सालीच केलेला होता. कायदा ज्या मुलाला ओढून शाळेत आणीत होता, त्यालाच तपासणी बाहेर काढीत होती.

हा विरोधाभास वॉल्डबाईंनी अचूक ओळखला. १८९३ साली ईस्ट साइडमध्ये त्या स्त्रियांना घरगुती शुश्रूषा शिकवीत असताना एक लहान मुलगी त्यांना आपल्या आजारी आईकडे घेऊन गेली. ते घर पाहिल्यावर त्या तेथून परतल्याच नाहीत म्हटले तरी चालेल. मेरी ब्रूस्टर या सहकारिणीसह त्यांनी त्याच वस्तीत पाचव्या मजल्यावर बिऱ्हाड केले आणि १८९५ साली हेन्री स्ट्रीटवर परिचारिकांचे सेवागृह उभे केले. १९०२ साली आरोग्य आयुक्त अर्न्स्ट लेडर्ली यांना त्यांनी सुचविले की, एक परिचारिका महिनाभर शाळांत काम करील. तिचा उपयोग सिद्ध झाला तर मात्र पुढचा खर्च शहराने आपल्या तिजोरीतून केला पाहिजे. ही अट महत्त्वाची होती. दानशूरांच्या कृपेवर चालणारी सेवा कृपा आटली की थांबते. करातून चालणारी सेवा हा नागरिकाचा हक्क होतो.

१ ऑक्टोबर १९०२ रोजी लीना रॉजर्स या परिचारिकेने कामाला सुरुवात केली. त्या मूळच्या कॅनडाच्या. म्हणजे एका अर्थी त्याही परदेशातूनच आलेल्या होत्या. त्यांच्याकडे चार शाळा आणि सुमारे दहा हजार मुले सोपविली होती. त्यांची पद्धत अत्यंत साधी होती. किरकोळ दुखण्यांवर शाळेतच मलमपट्टी करावयाची आणि मुलाला वर्गात परत बसवावयाचे. ज्याला घरी पाठविणे भागच असेल, त्याच्या घरी शाळा सुटल्यावर स्वतः जावयाचे आणि आईसमोर बसून डोके कसे धुवावे, मलम कसे लावावे, दवाखाना कोठे आहे, हे हाताने करून दाखवावयाचे. पुष्कळ घरी गेल्यावर असे दिसे की, मूल शाळेत येत नाही ते रोगामुळे नव्हे, तर त्याला पायात घालावयाला जोडाच नाही म्हणून.

महिना संपण्यापूर्वीच शहराने निकाल दिला. आणखी परिचारिका नेमण्यासाठी पैसा मंजूर झाला आणि सरकारी खर्चाने चालणारी शाळा-परिचारिकांची व्यवस्था अमेरिकेत प्रथम येथे उभी राहिली. सप्टेंबर १९०२ मध्ये रोगामुळे शाळेबाहेर काढलेल्या मुलांची संख्या १०,५६७ होती; सप्टेंबर १९०३ मध्ये ती १,१०१ वर आली. हे आकडे वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. त्या एका वर्षात कोणतेही नवे औषध निघाले नव्हते. तेच मलम, तोच साबण, त्याच शाळा. बदल झाला तो इतकाच की, चिठ्ठीच्या जागी माणूस गेले.

याच्या उलट काय होते, हेही त्याच वस्तीने चार वर्षांनी दाखवून दिले. त्या काळच्या वैद्यकाचे असे मत होते की, वाढलेले टॉन्सिल व नाकामागच्या गाठी यांमुळे मूल अभ्यासात मागे पडते. पालक मुलांना इस्पितळात नेत नाहीत, तर इस्पितळच शाळेत आणावे, या सद्‍हेतूने ईस्ट साइडमधील एका शाळेने माउंट सायनाय इस्पितळाच्या शल्यवैद्यांना पाचारण केले. पालकांच्या संमतीसाठी चिठ्ठ्या पाठविल्या होत्या, त्यांवर सह्याही आल्या होत्या. परंतु ज्यांनी सह्या केल्या त्यांतील बहुतेकांना त्या इंग्रजी चिठ्ठ्या वाचताच आल्या नव्हत्या. मुले घरी परतली ती रक्ताने माखलेल्या तोंडांनी, बोलता येत नाही अशा अवस्थेत. २७ जून १९०६ रोजी वस्तीत वावडी उठली की, शाळांमध्ये डॉक्टर मुलांचे गळे कापीत आहेत. हजारो आया शाळांवर चालून गेल्या. खिडक्यांवर दगड पडले, दारे फोडण्याचा प्रयत्न झाला, पोलीस आले. अखेर मुलांना बाहेर सोडण्यात आले आणि त्यांना धडधाकट पाहून आयांचा आक्रोश शमला.

दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांनी या स्त्रियांच्या अज्ञानाची टर उडविली. परंतु त्या खरोखरच केवळ अज्ञानी होत्या काय? १९०३ साली किशिनेव्ह येथे ज्यू वस्तीवर हल्ला होऊन सुमारे पन्नास माणसे मारली गेली होती. बियालिस्टोक येथील कत्तल तर १९०६ च्या त्याच जून महिन्यात, अवघ्या दोन आठवड्यांपूर्वी झाली होती आणि तिच्या बातम्या यिद्दिश पत्रांतून रोज येत होत्या. सरकारी गणवेशातील माणसे आपल्या मुलांचा जीव घेऊ शकतात, ही त्या आयांची कल्पना नव्हती, अनुभव होता. शस्त्रक्रिया कदाचित निर्दोष असेल, हेतूही निर्मळ असेल. पण जिच्या मुलावर ती करावयाची तिला तिच्या भाषेत काही सांगण्याची तसदी कोणी घेतली नव्हती. रॉजर्सबाईंनी एका महिन्यात जे मिळविले, ते या एका सकाळी गमावण्याची वेळ आली.

ज्यांची भाषा व भक्ती वस्तीतील लोकांसारखीच होती, त्यांना हे काम तुलनेने सोपे गेले. १८८९ साली इटलीतील लोंबार्डी प्रांतातून फ्रान्सिस झेवियर कॅब्रिनी या व्रतस्थ भगिनी सहा सोबतिणींसह न्यूयॉर्कला आल्या. त्यांची ओढ वास्तविक चीनकडे होती; परंतु पोप तेरावे लिओ यांनी त्यांना पूर्वेकडे न जाता पश्चिमेकडे जाण्यास सांगितले. इटालियन स्थलांतरितांसाठी त्यांनी अनाथालये, शाळा व इस्पितळे काढली. तेथे आजारी मुलाला आपले दुखणे आपल्याच बोलीत सांगता येई. १९१७ साली त्यांचे निधन झाले आणि १९४६ साली त्यांना संतपद देण्यात आले. अमेरिकेची नागरिक असलेली ती पहिली संत स्वतः एक स्थलांतरित होती.

शाळेत येईपर्यंत मूल जगलेच पाहिजे, हा विचार डॉक्टर जोसेफिन बेकर यांनी पुढे नेला. फिलाडेल्फिया येथे आपल्या आनंदीबाई जोशी १८८६ साली डॉक्टर झाल्या. त्यानंतर बारा वर्षांनी, १८९८ साली, बेकरबाईंनी न्यूयॉर्कमधील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी घेतली. त्या सोळा वर्षांच्या असताना त्यांचे वडील व भाऊ विषमज्वराने गेले होते. १९०८ च्या उन्हाळ्यात त्यांनी ईस्ट साइडचा एक विभाग निवडला. शहराच्या जन्मनोंदींवरून नवजात मुलांची यादी काढून परिचारिका त्या त्या घरी गेल्या आणि अंगावर पाजणे, खोली हवेशीर ठेवणे, मुलाला रोज आंघोळ घालणे, उन्हाळ्यात त्याला कपड्यांत गुंडाळून न ठेवणे, एवढ्याच गोष्टी त्यांनी आयांना शिकविल्या. त्या उन्हाळ्यात त्या विभागातील बालमृत्यू आदल्या उन्हाळ्यापेक्षा १,२०० नी कमी झाले, अशी नोंद बेकरबाईंनी केली आहे. त्याच वर्षी शहराने बालआरोग्याचे स्वतंत्र खाते काढले आणि त्याची सूत्रे त्यांच्या हाती दिली.

बेकरबाईंच्या लक्षात आणखी एक गोष्ट आली. आई कामावर गेली की धाकट्या भावंडाला सांभाळते ती आठ-दहा वर्षांची थोरली बहीण, आणि घरात इंग्रजी समजते तेही तिलाच. तेव्हा शाळेतील बारा वर्षांच्या व त्यावरील मुलींचे 'छोट्या मातांचे संघ' काढण्यात आले आणि मुलांच्या संगोपनाचे पाठ त्यांना देण्यात आले. या मुली शाळेचा निरोप आपल्या भाषेत घरोघर पोचवू लागल्या. ब्रुकलिनमधील तीसएक डॉक्टरांनी मात्र तक्रार केली की, या खात्याने मुले निरोगी राहू लागली असून आमचा व्यवसाय बुडत आहे! बेकरबाईंनी ही तक्रार म्हणजे आपल्या कामाचे प्रशस्तिपत्रच मानले.

आरोग्याचा दुसरा आधार अन्न. १९०८ साली मेबल किट्रेज यांच्या पुढाकाराने न्यूयॉर्कच्या शाळांत अगदी अल्प दरात दुपारचे जेवण मिळू लागले. लवकरच संचालिकांना उमगले की, जेवण पौष्टिक असणे पुरेसे नाही; ते मुलाच्या घरचे वाटले पाहिजे. म्हणून ज्यू वस्तीत त्यांच्या धर्मनियमांप्रमाणे आणि इटालियन वस्तीत त्यांच्या चवीप्रमाणे पदार्थ होऊ लागले. या समजुतीच्या अभावी काय होते याची एक गमतीची पण बोचरी आठवण लिओनार्ड कोव्हेलो यांनी लिहून ठेवली आहे. १८९६ साली, नऊ वर्षांचे असताना, ते दक्षिण इटलीतील आव्हिल्यानो गावातून आले. एकदा शाळेने घरी नेण्यासाठी ओटचे पीठ दिले. त्यांच्या वडिलांनी ते बोटांत चोळून पाहिले आणि ते चकित झाले. कारण त्यांच्या गावी ते जनावरांचे खाद्य होते.

कोव्हेलो यांचे मूळ आडनाव 'कोव्हिएल्लो'. शिक्षिकेला ते उच्चारावयास अवघड वाटले म्हणून तिने एक अक्षर गाळले आणि मुलाने ते मुकाट्याने स्वीकारले. घरी वडील दुखावले. आपली भाषा, आपले अन्न, आपल्या आईचा डोक्यावरचा रुमाल, या सर्वांची शाळेत लाज वाटावयाची आणि त्या लाजेलाच प्रगती मानावयाचे, असा तो काळ होता. डोळ्यांच्या खुपऱ्या परिचारिकेला दिसतात. ही जखम कोणत्याही तपासणीत दिसत नाही. कोव्हेलो पुढे शिक्षक झाले. १९३४ पासून १९५६ पर्यंत पूर्व हार्लेममधील बेंजामिन फ्रँकलिन शाळेचे ते मुख्याध्यापक होते. आधी इटालियन आणि नंतर पोर्टो रिकोतून आलेली मुले तेथे शिकत. त्यांनी शाळेचे दार पालकांसाठी उघडे ठेवले, मुलांच्या मातृभाषेला शाळेत मान दिला आणि वस्तीतील घरे व आरोग्य हेही शाळेचेच प्रश्न मानले. ज्याचे नाव शाळेने कापले होते, त्याने आपल्या शाळेत इतरांची नावे अखंड राखली.

१९२४ च्या कायद्याने अमेरिकेने युरोपातून येणाऱ्यांची संख्या फार घटविली आणि ईस्ट साइडची गर्दी ओसरली. परंतु तेथे जन्मलेल्या कल्पना राहिल्या. शाळा-परिचारिका देशभर पसरल्या, १९४६ साली शाळांतील जेवणासाठी राष्ट्रीय कायदा झाला. वडोदऱ्याचे श्रीमंत सयाजीराव गायकवाड १९०६ साली अमेरिकेच्या प्रवासाला गेले होते. अमरेली भागात १८९३ सालीच सुरू केलेले सक्तीचे शिक्षण त्यांनी त्याच १९०६ च्या कायद्याने सबंध राज्यात नेले. सक्तीने शाळेत आणलेल्या मुलाची जबाबदारी राज्यावर येते, या तत्त्वाचा अर्थ मात्र दोन्ही देशांना हळूहळूच उलगडत गेला. भारतात शाळेतील शिजविलेल्या अन्नाचा हक्क सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ च्या आदेशाने दृढ झाला आणि शाळकरी मुलांच्या तपासणीचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला.

तथापि तपासणी म्हणजे आरोग्य नव्हे, हे न्यूयॉर्कच्या इतिहासाने शिकविले आहे. दिवाळीच्या सुमारास बीडकडून निघालेली ऊसतोडणी कामगारांची बिऱ्हाडे पश्चिम महाराष्ट्रात आणि बेळगावच्या साखर कारखान्यांच्या परिसरात उतरतात. उसाच्या फडाकाठी कोप्या उभ्या राहतात आणि मराठी बोलणाऱ्या मुलाला जवळची शाळा सापडते ती कन्नड. गोव्यात बांधकामावर आलेल्या कानडी आणि हिंदी भाषिक मजुरांची मुले मराठी वा कोकणी वर्गात मागच्या बाकावर बसतात. एलिस बेट येथे नाही, समुद्र ओलांडावा लागत नाही. परंतु वाचता न येणारी चिठ्ठी, कामावर गेलेली आई, धाकट्याला कडेवर घेतलेली थोरली बहीण आणि आपल्या बोलीची वाटणारी लाज ही सारी तीच आहेत.

अशा मुलाच्या डोक्यावर मलम कोण लावील, हा प्रश्न वैद्यकाचा आहे. त्याच्या घरचा जिना कोण चढेल, हा प्रश्न समाजाचा आहे. ज्या दिवशी ते माणूस जिना चढून गेले, त्यानंतर थोड्याच दिवसांनी लुई पाच मजले चढून आला आणि त्याने शब्द वाचून दाखविले. दिव्याच्या खांबावरचे गल्लीचे नाव वाचण्याच्या वाटेवर त्याचे पहिले पाऊल पडले होते.